१.४.२ वरून १.४.३: एका आकड्याने अडवलेली मार्च अखेर

३० मार्चची संध्याकाळ होती. ऑफिसमधून निघत होतो, तेवढ्यात अनोळखी नंबरवरून फोन आला. समोरचे गृहस्थ सांगलीकडचे, एका पतसंस्थेचं सॉफ्टवेअर सांभाळणारे. आवाज शांत होता, पण मुद्दाम शांत ठेवलाय हे कळत होतं.

"सर, तुमचं ते आकड्यांचं पॅकेज आम्ही वापरतो. पावत्याच निघेनात. पिग्मी एजंट रांगेत उभे आहेत आणि चेअरमन माझ्या खुर्चीमागे."

मी पुण्यात नोकरी करतो आणि फावल्या वेळात जावास्क्रिप्टचं एक छोटं पॅकेज सांभाळतो. काम एकच: आकडा द्या, मराठी शब्द घ्या. १,५०,००० दिले की 'एक लाख पन्नास हजार'. पावतीवर 'अक्षरी रुपये' अशी ओळ असते ना, तिच्यासाठी. कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला गंमत म्हणून लिहिलं होतं. कोण वापरतं याचा मला पत्ता नव्हता. त्या संध्याकाळी लागला.

आधीच्या आठवड्यात मी त्याचं १.४.३ हे नवं व्हर्जन काढलं होतं. त्यात दोन बदल होते. पहिला खऱ्या बगचा: १२,००,४५,००० दिले की माझं पॅकेज 'बारा कोटी शून्य लाख पंचेचाळीस हजार' म्हणायचं. 'शून्य लाख' कोण म्हणतं? ते काढलं. दुसरा बदल मला स्वतःला आवडला म्हणून केलेला. आपण 'एक हजार पाचशे' म्हणत नाही, 'दीड हजार' म्हणतो. २५० म्हणजे अडीचशे, ३५० म्हणजे साडेतीनशे. मग पॅकेजनेही तसंच बोलावं की! केला बदल, शेवटचा आकडा एकाने वाढवला, दिलं पाठवून. झोपलो.

तिकडे काय झालं, तर त्या गृहस्थांनी पावती छापण्याआधी एक तपासणी ठेवली होती. माझ्या पॅकेजने दिलेले शब्द त्यांचं सॉफ्टवेअर परत आकड्यात बदलायचं आणि मूळ रकमेशी जुळतात का बघायचं. पैशाचं काम, त्यामुळे ही काळजी योग्यच. पण त्यांच्या शब्दांच्या तक्त्यात 'दीड' नव्हता, 'अडीच' नव्हता, 'साडे' तर नव्हताच. म्हणून १५०, २५०, ३५०, १५००, २५०० या रकमांच्या पावत्या अडल्या. पिग्मीच्या आणि आवर्त ठेवीच्या नेहमीच्या रकमा नेमक्या ह्याच. सकाळी नवीन सर्व्हर लावल्यावर त्यांनी ५०० आणि १००० टाकून बघितलं होतं. दोन्ही व्यवस्थित चाललं होतं.

मी विचारलं, "पण तुम्ही नवं व्हर्जन न बघता का घेतलं?"

ते म्हणाले, "पॅच होता ना सर. १.४.२ चं १.४.३. त्यात बघायचं काय असतं?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. चूक माझी होती, आणि ती कोडमध्ये कमी आणि आकड्यात जास्त होती.

तुमच्या फोनमधला आकडा

थोडं थांबून तुमच्या फोनकडे येऊ. कुठलंही ॲप उघडा, सेटिंग्जमध्ये अगदी खाली जा. कुठेतरी ठिपक्यांनी तोडलेला आकडा दिसेल. तो व्हर्जन नंबर. ॲन्ड्रॉइडमध्ये खरं तर प्रत्येक ॲपला असे दोन नंबर असतात. एक तुम्हाला दिसतो तो 'व्हर्जन नेम'. तो नुसता मजकूर असतो, डेव्हलपर त्यात काहीही लिहू शकतो. दुसरा 'व्हर्जन कोड', साधा पूर्णांक, आणि फोन फक्त त्याच्याकडे बघतो. आधीच्यापेक्षा मोठा असेल तरच अपडेट. म्हणून डेव्हलपरने नेममध्ये २.० वरून परत १.९ लिहिलं तरी चालतं, पण कोड मागे नेता येत नाही.

ॲपच्या बाबतीत तुम्ही माणूस आहात. अपडेटनंतर बटण डावीकडून उजवीकडे गेलं तर दोन दिवस चिडता आणि मग सवय होते. पॅकेजचं तसं नाही. पॅकेज म्हणजे दुसऱ्या प्रोग्रामरने आपल्या सॉफ्टवेअरमध्ये बसवायचा तयार सुटा भाग. त्याचा ग्राहक माणूस नाही, दुसरा कोड आहे. आणि कोडला सवय होत नाही. 'एक हजार पाचशे' येणार अशी त्याची समजूत आहे. 'दीड हजार' आलं की तो तिथेच थांबतो.

म्हणून पॅकेजवाल्यांनी आकड्यालाच अर्थ देऊन टाकला. गिटहबच्या संस्थापकांपैकी एक, टॉम प्रेस्टन-वर्नर, यांनी त्याचे नियम लिहिले. त्याला 'सिमँटिक व्हर्जनिंग' म्हणतात, बोलताना 'सेमव्हर'. त्याची २.०.० ही आवृत्ती २०१३ सालची. हो, नियमांच्या पुस्तकालाही व्हर्जन नंबर आहे.

तीन आकडे. १.४.२ मधला शेवटचा २ म्हणजे पॅच: फक्त चूक दुरुस्त केली, बाकी सगळं जसंच्या तसं. मधला ४ म्हणजे मायनर: नवीन काहीतरी दिलं, पण जुनं वापरणाऱ्याला काही बदलावं लागणार नाही. पहिला १ म्हणजे मेजर: जुनं वापरणाऱ्याचं काम अडू शकतं, बघून घ्या. पहिला आकडा ० असेल तर अजून काहीच पक्कं नाही, उद्या सगळं बदलू शकतं.

बदल किती मोठा आहे, किती ओळी लिहिल्या, किती रात्री जागलात, याचा या आकड्यांशी काही संबंध नाही. हे मला चार वर्षं काम करूनही नीट कळलं नव्हतं. माझा 'दीड'चा बदल वीसेक ओळींचा होता, म्हणून मनात तो 'छोटा' होता आणि छोट्याला छोटा आकडा दिला. पण प्रश्न माझ्या कष्टांचा नव्हता. समोरच्याचं काही मोडेल का, एवढाच होता. एका अक्षराचा बदलसुद्धा मेजर असू शकतो. दहा हजार ओळींचा पॅच असू शकतो.

आणखी एक. ह्या आकड्यांमधला ठिपका दशांश चिन्ह नाही. १.९ नंतर १.१० येतं आणि ते १.९ पेक्षा मोठं असतं. गावाकडे गट नंबर बघितले असतील तर हे लगेच कळेल: ४५/९ नंतरचा पोटहिस्सा ४५/१०, आणि ४५/१० म्हणजे ४५/१ नव्हे. मोठमोठी माणसं इथे घसरली आहेत. ऑक्टोबर २०२१ मध्ये पायथन ३.१० आलं. काही जुने प्रोग्राम व्हर्जनची पहिली तीनच अक्षरं वाचायचे, त्यांना वाटलं हे तर ३.१. सेटिंगच्या फायलीत ३.१० अवतरणचिन्हांशिवाय लिहिणाऱ्यांचंही तेच झालं. कॉम्प्युटरने तो दशांश समजून शेवटचं शून्य खाल्लं. २०२२ मध्ये क्रोम १०० आलं, तेव्हाही भीती हीच होती: आकड्याची दोनच अक्षरं वाचणाऱ्या वेबसाइट १०० ला १० समजतील.

टोपीचा खेळ

तर सांगलीच्या गृहस्थांनी १.४.३ मुद्दाम घेतलंच नव्हतं. ते आपोआप आलं.

जावास्क्रिप्टची पॅकेजं एनपीएम नावाच्या कोठारातून येतात. तुम्ही एखादं पॅकेज बसवलंत की तुमच्या यादीत त्याचं नाव आणि समोर '^१.४.२' असं लिहिलं जातं. त्या '^' चिन्हाला आम्ही ऑफिसात टोपी म्हणतो. टोपीचा अर्थ: १.४.२ किंवा त्याच्या पुढचं कुठलंही चालेल, फक्त पहिला आकडा बदलायला नको. १.४.३ चालेल, १.९.० चालेल, २.०.० नाही. टोपीऐवजी '~' ही लाटेची खूण असेल तर फक्त शेवटचा आकडा हलू शकतो.

म्हणजे एनपीएम माझ्यावर विश्वास टाकतं. मी १.४.३ म्हणालो याचा अर्थ मी जगभरच्या अनोळखी लोकांना सांगितलं: डोळे झाकून घ्या. आणि त्यांच्या सर्व्हरने डोळे झाकून घेतलं.

यावर एक उपाय आहे, पॅकेज-लॉक नावाची फाइल. २०१७ मध्ये एनपीएम ५ बरोबर ती आली. प्रत्यक्षात कुठलं नेमकं व्हर्जन बसलं होतं ते तिच्यात नोंदलेलं असतं, आणि ती फाइल गिटमध्ये ठेवून 'एनपीएम सीआय' ही आज्ञा वापरली तर नवीन मशीनवरही तेच बसतं. त्यांनी ती फाइल गिटमधून वगळली होती. "फार मोठी होती आणि सारखी बदलायची," म्हणाले. तुम्ही शिकत असाल आणि तुम्हालाही ती कटकट वाटत असेल, तर ती राहू द्या, वगळू नका.

मी त्यांना फोनवरच सांगितलं, "टोपी काढा. नुसतं १.४.२ लिहा आणि परत इन्स्टॉल करा." पाच मिनिटांत पावत्या सुरू झाल्या. मागून कुणीतरी "झालं, झालं" म्हणाल्याचं ऐकू आलं.

पण ते फोन ठेवेनात. "सर, एक अडचण आहे. ताळेबंदात कोटीच्या वरची एक रक्कम आहे. जुन्यावर गेलो की परत 'शून्य लाख' येतंय. ते ऑडिटरला दाखवायचंय."

म्हणजे त्यांना १.४.३ मधली एक गोष्ट हवी होती, आणि दुसरी नको होती.

मेन ब्रांचवर पसारा

मी घरी येऊन लॅपटॉप उघडला. वाटलं, दहा मिनिटांचं काम: 'दीड'चा बदल काढायचा, १.४.४ पाठवायचं.

उघडून बघतो तर माझ्या मेन ब्रांचवर आठवडाभराचा पसारा. १.४.३ पाठवल्यावर मी पैशांचं काम सुरू केलं होतं, म्हणजे ५२.५० चे 'बावन्न रुपये पन्नास पैसे'. अर्धं झालेलं. निम्म्या चाचण्या लाल. शिवाय 'दीड'चा बदल मी एका कमिटमध्ये केलेला नव्हता. तीन कमिटमध्ये सांडलेला, मध्ये पैशांची तयारी मिसळलेली. जे पाठवायचं होतं ते सुटं करताच येत नव्हतं.

इथे ब्रांच म्हणजे काय ते सांगायला हवं. (पतसंस्थेलाही शाखा असतात, आणि आमच्या फोनवर 'कुठली ब्रांच?' या प्रश्नावर एकदा खरंच गोंधळ झाला.)

गिट हे कोडचा इतिहास ठेवणारं साधन. लिनस टॉरव्हल्ड्सनी एप्रिल २००५ मध्ये ते लिहायला घेतलं, कारण लिनक्स कर्नलसाठी वापरात असलेल्या बिटकीपर या साधनाची फुकट वापराची सोय बंद झाली होती. तुम्ही कमिट केलंत की गिट त्या क्षणाच्या सगळ्या प्रोजेक्टचा जणू फोटो काढतं आणि त्याला चाळीस अक्षरांचं एक ओळखपत्र देतं. प्रत्येक कमिटला आपल्या आधीचा कमिट माहीत असतो, त्यामुळे साखळी तयार होते.

बऱ्याच जणांना वाटतं की ब्रांच काढली म्हणजे सगळ्या फोल्डरची कॉपी झाली. मलाही पहिल्या वर्षी वाटायचं, म्हणून मी ब्रांच काढायला कचरायचो. प्रत्यक्षात ब्रांच म्हणजे एक चिमुकली फाइल. तिच्यात एका कमिटचं चाळीस अक्षरी ओळखपत्र आणि ओळ संपल्याची खूण, मिळून ४१ बाइट. बस. तुमच्या व्हॉट्सॲपवरच्या 'गुड मॉर्निंग'च्या फोटोत अशा हजारो ब्रांच मावतील. तुम्ही त्या ब्रांचवर नवीन कमिट केला की फाइलमधलं ओळखपत्र बदलतं आणि ब्रांच एक पाऊल पुढे सरकते. वाचता वाचता आपण पुस्तकात खूण पुढे सरकवतो, तसं.

टॅग म्हणजे तशीच खूण, फक्त ती सरकत नाही. मैलाचा दगड. 'व्ही१.४.२' असा टॅग लावला की ते व्हर्जन नेमकं कुठल्या कोडपासून बनलं ते कायमचं नोंदलं जातं. ब्रांच म्हणजे काम कुठे चाललंय, टॅग म्हणजे लोकांना काय दिलंय. पॅकेज करणाऱ्याला दोन्ही लागतात.

माझ्याकडे टॅग नव्हते.

'एनपीएम व्हर्जन पॅच' ही आज्ञा दिली असती तर तिने आकडा वाढवला असता, कमिट केला असता आणि टॅगही लावला असता. मी मात्र फाइल उघडून २ चा ३ हाताने करायचो. काय फरक पडतो, असं वाटायचं. त्या रात्री फरक पडला तो चाळीस मिनिटांचा: आकड्याच्या फाइलचा इतिहास काढायचा, १.४.२ कधी झालं ते शोधायचं, आणि कोठारातलं १.४.२ खरंच ह्याच कोडचं आहे ना, ते उतरवून ओळीओळीने ताडायचं. गृहस्थ मधे एकदा मेसेज करून गेले: 'घाई नाही सर'. मार्च अखेरीला 'घाई नाही' म्हणणारा माणूस काय मनःस्थितीत असतो, हे तुम्हीच समजा.

पुढचं सोपं होतं. १.४.२ च्या कमिटवर टॅग लावला. त्या टॅगपासून '१.४-दुरुस्ती' नावाची नवीन ब्रांच काढली. तिथे ना 'दीड', ना पैसे, फक्त जुना, चालणारा कोड. मग 'गिट चेरी-पिक'. या आज्ञेने दुसऱ्या ब्रांचवरचा एखादाच कमिट उचलून इथे लावता येतो. झाडावरची एकच चेरी तोडायची, फांदी नाही. 'शून्य लाख'ची दुरुस्ती, देवाची कृपा, एका वेगळ्या कमिटमध्ये होती. ती उचलली, चाचण्या हिरव्या झाल्या, १.४.४ पाठवलं. रात्रीचे पावणेअकरा झाले होते. मेन ब्रांचवरच्या पसाऱ्याला हातही लावावा लागला नाही.

तुम्ही म्हणाल, १.४.३ काढूनच का नाही टाकलं? किंवा त्याच आकड्याखाली दुरुस्त कोड का नाही ठेवला? दुसरं शक्यच नाही. एनपीएमवर एकदा वापरलेला व्हर्जन नंबर परत वापरता येत नाही, व्हर्जन काढून टाकलं तरी. सेमव्हरचा नियमही तोच आहे: प्रसिद्ध झालेलं व्हर्जन बदलायचं नाही. नाहीतर दोन माणसं '१.४.३' म्हणतील आणि दोघांकडे वेगळा कोड असेल. आणि काढून टाकण्याबद्दल एनपीएमने २०१६ मध्ये धडा घेतलाय. त्या मार्चमध्ये एका डेव्हलपरने वादातून आपली सगळी पॅकेजं काढून घेतली. त्यात 'लेफ्ट-पॅड' नावाचं ११ ओळींचं पॅकेज होतं, मजकुराच्या डावीकडे जागा भरणारं. त्याच्यावर अवलंबून असलेली बेबलसारखी मोठी साधनं जगभर बसेनाशी झाली आणि एनपीएमला ते पॅकेज स्वतःहून परत ठेवावं लागलं. त्यानंतर काढण्यावर कडक अटी आल्या. म्हणून मी १.४.३ वर 'हे वापरू नका, १.४.४ घ्या' अशी सूचना लावली. त्यासाठी 'एनपीएम डेप्रिकेट' आहे. व्हर्जन तिथेच राहतं, पण बसवताना इशारा दिसतो.

एक कबुली इथेच देतो. सेमव्हरच्या प्रश्नोत्तरांत लिहिलंय की चुकून जुनं मोडणारा बदल गेला, तर तो मागे घेताना मधला आकडा वाढवा. म्हणजे नियमाप्रमाणे मी १.५.० काढायला हवं होतं. मी १.४.४ काढलं, कारण ज्यांनी '~' लावलंय त्यांच्याकडे १.४.३ पोचलं होतं आणि १.५.० पोचलं नसतं. ज्या वाटेने रोग गेला त्याच वाटेने औषध जायला हवं. कुणी याच्याशी सहमत होणार नाही, ठीक आहे.

क्रोमचा तिसरा आकडा

हे फक्त माझ्यासारख्या एकट्या माणसाचं लफडं नाही. फोनमध्ये क्रोम उघडा, तीन ठिपके, सेटिंग्ज, आणि शेवटी क्रोमबद्दलची माहिती. चार आकडे दिसतील. डिसेंबर २०२३ मध्ये क्रोम १२० आलं तेव्हा ते १२०.०.६०९९ असं सुरू व्हायचं आणि पुढे चौथा आकडा. त्यातला ६०९९ हाच ब्रांचचा नंबर! क्रोमच्या मेन ब्रांचवर रोज काम चालतं आणि हा तिसरा आकडा वाढत राहतो. एका ठरलेल्या दिवशी तिथून एक रिलीज ब्रांच फुटते आणि त्या क्षणाचा आकडा हेच तिचं नाव होतं. मग मेनवर १२१ ची तयारी पुढे चालू राहते, आणि ६०९९ च्या ब्रांचवर नवीन गंमतजंमत बंद, फक्त दुरुस्त्या.

समजा सुरक्षेचं भोक सापडलं. दुरुस्ती सहसा आधी मेनवर होते, मग चेरी-पिक करून रिलीज ब्रांचवर आणली जाते, आणि चौथा आकडा वाढतो. तुम्हाला प्ले स्टोअरवर अपडेट दिसतं आणि तुम्ही म्हणता, "परवाच तर केलं होतं." पहिले तीन आकडे तेच आणि फक्त चौथा बदललाय, असं दिसलं तर ते अपडेट टाळू नका. त्यात नवीन काही नसतं म्हणूनच ते महत्त्वाचं असतं. स्टेबल क्रोमचं मोठं व्हर्जन ठरलेल्या वेळापत्रकानेच येतं, तोवर ते भोक उघडं ठेवणं परवडत नाही.

लिनक्स कर्नलमध्येही हीच शिस्त. ६.१, ६.६ अशा काही ब्रांच कित्येक वर्षं सांभाळल्या जातात, आणि तिथे दुरुस्ती यायची तर ती आधी टॉरव्हल्ड्सच्या मुख्य कोडमध्ये आलेली असावी लागते. नाहीतर जुन्यात दुरुस्त आणि नव्यात तोच बग, असा उलटा कारभार होतो. ॲन्ड्रॉइड फोनच्या आत लिनक्स कर्नलच असतो. 'फोनबद्दल' या पानावर कर्नल व्हर्जन बघा, ६.१ नंतर मोठा तिसरा आकडा दिसला तर त्या ब्रांचवर किती वेळा दुरुस्त्या निघाल्यात ते कळेल. ४.४ आणि ४.९ या ब्रांचवर हा आकडा २०२१ मध्ये २५५ च्या पुढे गेला, आणि तो साठवायला आठच बिटांची जागा ठेवलेली होती. दुरुस्त्यांची संख्या मावेना म्हणून दुरुस्ती!

मात्र लिनक्सचा पहिला आकडा सेमव्हरप्रमाणे वाचू नका. ५.१९ नंतर ६.० आलं ते काही मोडलं म्हणून नाही. दुसरा आकडा फार मोठा झाला की टॉरव्हल्ड्स पहिला वाढवतात, एवढंच. क्रोमचं ११९ वरून १२० होणंही तसंच, ते फक्त वेळापत्रक आहे. उबुंटू २४.०४ म्हणजे २०२४ चा एप्रिल. प्रत्येक घराची रीत वेगळी, आत शिरण्याआधी विचारावी.

आता मी काय करतो

फार काही नाही. व्हिन्सेंट ड्रिसेन यांनी २०१० मध्ये मांडलेली 'गिट-फ्लो' नावाची प्रसिद्ध पद्धत आहे: कायमच्या दोन ब्रांच, शिवाय फीचर, रिलीज, हॉटफिक्स अशा वेगवेगळ्या. २०२० मध्ये त्यांनीच वर टीप जोडली की सतत बदलणाऱ्या वेब ॲपसाठी याहून साधं काहीतरी वापरा. माझ्या एकट्याच्या पॅकेजला ती पद्धत म्हणजे दोघांच्या स्वयंपाकाला पंगतीची भांडी. मेन नेहमी पाठवण्याच्या स्थितीत ठेवतो. अर्धवट काम, मग ते तासाभराचं का असेना, वेगळ्या ब्रांचवर. एका कमिटमध्ये एकच गोष्ट, म्हणजे उद्या ती उचलायची किंवा टाकायची तर सुटी मिळेल. आकडा हाताने बदलत नाही. आणि आकडा वाढवण्याआधी मागच्या व्हर्जनच्या जुन्या चाचण्या नव्या कोडवर चालवतो. १.४.३ च्या वेळी मी काय केलं होतं माहितीय? 'एक हजार पाचशे' अपेक्षित असलेली चाचणी लाल झाली, म्हणून ती चाचणीच बदलली. जुनी चाचणी बदलावीशी वाटते, तेव्हा बहुतेक वेळा तो पॅच नसतो.

'दीड' मी सोडला नाही. एप्रिलमध्ये १.५.० काढलं, त्यात 'बोली' नावाचा एक पर्याय दिला. मुद्दाम चालू केला तरच दीड, अडीच, साडे. नाही केला तर सगळं जुनं. म्हणून मधला आकडा. सांगलीच्या गृहस्थांनी काही दिवसांनी कळवलं की पावतीवर ते जुनंच ठेवणार, पण सभासदांना जाणाऱ्या एसएमएसमध्ये त्यांनी 'बोली' चालू केलंय. 'तुमचे अडीच हजार जमा झाले' असं वाचायला म्हाताऱ्या माणसांना बरं वाटतं म्हणे. यादीत टोपी परत लावलीय का, असं मी विचारलं. "नाही," म्हणाले. "राग नाही सर, पण नाही."

२.० नावाची एक ब्रांच सध्या माझ्या लॅपटॉपवर पडून आहे. तिच्यात 'बोली' हीच मूळ पद्धत करायचा विचार आहे, आणि ते मोडणारं आहे म्हणूनच पहिला आकडा. अडलंय १२५० वर. माझ्या मते ते 'साडेबाराशे'. आई म्हणते 'सव्वा हजार'. ऑफिसातला वऱ्हाडातला मित्र तिसरंच काहीतरी म्हणतो. तोवर ती ब्रांच मर्ज होणार नाही.